खालून कोण बघतंय?

जुनी गाडी बाळगणाऱ्याला लोक दोनच प्रश्न विचारतात. ‘ॲव्हरेज किती देते?’ आणि ‘विकायची आहे का?’ पहिल्याचं उत्तर ऐकल्यावर दुसरा सहसा कुणी विचारत नाही. पण हीच गाडी खोलून बॉडी बाजूला काढली आणि नुसती चासी उघड्यावर मांडली, की प्रश्न विचारणारे संपतात आणि उत्तरं देणारे सुरू होतात. गाडीला बाहेरून कुठला रंग द्यायचा यावर फार तर घरातली माणसं भांडतात. चासीला कुठला रंग द्यायचा यावर अख्खी पेठ भांडते. जो रंग जन्मात कुणाला दिसणार नाही, त्याबद्दल प्रत्येकाचं मत ठाम असतं.

आमची गाडी स्टँडर्ड हेरल्ड. १९६८ सालची आणि सासऱ्यांकडून आलेली, त्यामुळे तिच्याबद्दल घरात वाईट बोलायची सोय नाही. फियाट नाहीतर ॲम्बॅसॅडर असती तर ही वेळच आली नसती. त्यांना वेगळी चासी नसते, बॉडी हाच सांगाडा. हेरल्डची तऱ्हा निराळी. १९५९ साली ती इंग्लंडात निघाली तेव्हा बाकीचे कारखानदार वेगळ्या चासीला रामराम ठोकत होते. पण हेरल्डवाल्या कंपनीला बॉड्या करून देणारा कारखाना त्याआधीच प्रतिस्पर्ध्याने विकत घेतला होता. अखंड बॉडी करून देणार कोण? मग त्यांनी जुन्या वळणाची चासी केली, तिच्यावर बॉडीचे तुकडे नट-बोल्टांनी आवळले आणि वरचं रूप इटलीच्या मिकेलॉत्तीकडून इतकं देखणं करून घेतलं, की खालच्या तडजोडीकडे कुणाचं लक्षच जाऊ नये. १९६१ पासून ती मद्रासला बनू लागली. पुढे चार दारांची हेरल्ड तर फक्त आपल्याच देशात निघाली. सांगायचं काय, तर दोन इंग्रज कंपन्यांची भाऊबंदकी साठ वर्षांनी पुण्यात माझ्या पार्किंगमध्ये येऊन पडली.

मिस्त्रीने बोल्ट सोडले, माणसं लावून बॉडी उतरवली आणि स्क्रू-ड्रायव्हरची मूठ चासीवर वाजवत तो पुढून मागे निघाला. टण, टण, टण, टण... थप. तो थांबला. माझ्याकडे बघितलं. पुन्हा वाजवलं. थप. मग त्याने स्क्रू-ड्रायव्हर उलटा धरला, टोक नुसतं टेकवलं, आणि ते आत गेलं. भोकातून मूठभर लाल माती खाली पडली. ती पुण्याची नव्हती. सासरे दर मे महिन्यात रत्नागिरीला जायचे, तिकडची. मातीत एक पाच पैशांचं नाणंही निघालं, ॲल्युमिनियमचं. धुतल्यावर चकचकीत झालं. चासीत धड निघालेली तेवढी एकच वस्तू.

‘एवढंच ना?’ मी म्हणालो.

‘अजून मागची बाजू राहिलीय, साहेब.’

सडलेले भाग कापून नवा पत्रा जोडण्यात उन्हाळा गेला. एव्हाना आमच्या नोटीस बोर्डावर सेक्रेटरींची सूचना लागली होती: ‘पार्किंगमधील सांगाड्याच्या मालकाने तो सजीव आहे की निर्जीव, ते कार्यालयात कळवावे. निर्जीव असल्यास भंगारवाला रविवारी येतो.’ मी सांगाडा मिस्त्रीच्या शेडमध्ये हलवला. पण तोवर बातमी फुटली होती, आणि ‘चासीला काय लावणार?’ हा प्रश्न सार्वजनिक झाला होता.

मिस्त्रीचं मत सरळ होतं. ‘रेड ऑक्साइडचे दोन हात, वर काळा इनॅमल. बास.’

‘टिकेल?’

‘आजवर टिकली ना?’

ज्या चासीतून याच माणसाने माझ्यादेखत स्क्रू-ड्रायव्हर आरपार घातला, तिचाच तो दाखला देत होता. वर त्याच्या शेडमध्ये रेड ऑक्साइडचा डबा उघडलेला होता आणि तो संपवायचा होता, हेही मला दिसत होतं.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनिअर राहतात. त्यांची नोकरी तेलाच्या टाक्या रंगवून घेण्यात गेली. निवृत्तीनंतर त्यांना रंगवायला टाकी मिळालेली नाही. ते त्याच संध्याकाळी वही घेऊन खाली आले.

‘लोखंड कितपत साफ करणार?’

‘चांगलं साफ करणार.’

त्यांनी डोळे मिटले. ‘चांगलं असा ग्रेड नसतो. एसए अडीच म्हणा.’

‘एसए अडीच,’ मी म्हणालो.

मग त्यांनी सँड ब्लास्टिंग, त्यावर दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर, त्यावर पॉलियुरेथेन असं सगळं वहीत लिहून दिलं. प्रत्येक थराची जाडी मायक्रॉनमध्ये. शिवाय दोन अटी. रंग लावताना हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर नको, आणि लोखंड दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी गरम हवं. बाहेर आषाढ कोसळत होता. मी तिकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, ‘स्कॉटलंडात फोर्थचा पूल आहे. शेवटच्या टोकापर्यंत रंगवून होतो, तोवर पहिल्या टोकाची वेळ आलेली असते, अशी त्याची ख्याती होती. मग इपॉक्सीत काचेच्या कपच्या घालून लावल्या. २०११ साली काम संपलं. आता पंचवीस वर्षं बघायला नको.’

‘तिथे पाऊस नसतो?’

‘असतो. पण तिथे मध्ये कुणी बोलत नाही.’

सांगलीहून मेहुण्याचा फोन आला. ‘दाजी, कशाला पैसं घालवताय? जळकं ऑइल फासा. आमची ट्रॉली बघा, गंज म्हणून न्हाई.’ त्याची ट्रॉली मी बघितलेली आहे. तिच्यावर ऑइल, ऑइलवर धूळ, धुळीवर उसाचं पाचट, पाचटावर पुन्हा ऑइल, असे इतके थर आहेत की आतलं लोखंड गेलं असलं तरी ट्रॉली उभी राहील. ऑइलचा गुण नाकारता येत नाही, पाणी ते खरंच अडवतं. फक्त ते चासीवर राहतं त्यापेक्षा जास्त पार्किंगच्या फरशीवर राहतं, आणि फरशीचे मालक आमचे सेक्रेटरी आहेत.

मालवणचे काका त्याहून पुढे गेले. ‘माशाचा तेल लाव रे. आमच्या होडयेक काय झाला?’

‘काका, होडी लाकडाची असते.’

‘म्हणानच ती गंजणा नाय!’

यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही. पण काकांना हसण्यातही अर्थ नाही. रॉबर्ट फर्ग्युसन नावाच्या स्कॉटिश कप्तानाच्या ध्यानात आलं, की जहाजाच्या डेकवर जिथे माशाचं तेल सांडलं, तिथला गंज वाढायचा थांबलाय. त्याने १९२१ साली अमेरिकेत त्यातून गंजरोधक रंगांची कंपनीच उभी केली. मला कंपनी काढायची नव्हती. आणि पेठेतली मांजरं आधीच माझ्या गाडीखाली झोपतात, त्यांना आणखी आमंत्रण देण्याची गरज नव्हती.

मग कुणीतरी म्हणालं, आजकाल सगळे पावडर कोटिंग करतात. मी भोसरीला गेलो. कोरडी रंगाची पूड विजेचा भार देऊन लोखंडावर उडवायची, ती चिकटते, मग सगळं भट्टीत घालून २०० अंशांच्या आसपास भाजायचं. त्यांनी खिडकीच्या ग्रिल, सायकली आणि दवाखान्याच्या खाटा रांगेत टांगल्या होत्या, सगळ्या एकाच काळ्या रंगाच्या. मालकांनी शेड कार्ड पुढे केलं.

‘काळा कुठला? नव्वद-शून्य-पाच?’

‘काळा. नुसता.’

‘मॅट, सॅटिन, ग्लॉसी की टेक्स्चर?’

कुणालाही न दिसणाऱ्या काळ्याचे चार प्रकार मी बराच वेळ न्याहाळले. शेवटी सॅटिनवर बोट ठेवलं. मालकांनी टेपने माप घेतलं, भट्टीकडे बघितलं आणि म्हणाले, ‘भट्टी दहा फुटी आहे. कापून आणता येईल?’

‘चासी?’

‘नंतर वेल्डिंग मारायचं. हाय काय अन् नाय काय.’

तिथेच खाटांना कोटिंग करणाऱ्या कामगाराने मला बाजूला घेतलं. ‘साहेब, ही पावडर पेटीच्या आत जात नाय. वरून मस्त दिसतं. एक खडा लागला, टवका उडाला, की पाणी खालून शिरतं आणि रंग पापडासारखा सुटतो. तोवर तुम्हाला वाटतं सगळं झकास आहे.’ मालकांनी लांबूनच त्याला खाटेकडे परत पाठवलं.

तिथून गॅल्व्हनायझिंग. लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवायचं ही युक्ती सोरेल नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १८३७ साली पेटंट केली आणि आजवर तिला तोड निघालेली नाही. जस्ताचा स्वभाव एकत्र कुटुंबातल्या थोरल्या भावाचा. आधी स्वतः झिजेल, पण धाकट्याला झळ लागू देणार नाही. ओरखडा पडून लोखंड उघडं झालं, तरी शेजारचं जस्त आधी खर्ची पडतं. मला हे इतकं भावलं की मी मनातल्या मनात निर्णय घेऊन टाकला. कारखान्यात मात्र विजेचे मनोरे आणि हायवेचे कठडे यांचे ढीग होते.

‘किती टन आहे?’ तिथल्या साहेबांनी विचारलं.

‘टन नाही. एक चासी आहे.’

त्यांनी खिडकीतून बाहेरच्या ट्रककडे आणि मग माझ्या हातातल्या फोटोकडे बघितलं. ‘पत्रा पातळ दिसतो. हौदात ४५० अंश असतं. वाकू शकते.’

‘वाकली तर?’

‘तर सरळ करायची.’

‘कुणी?’

‘तुम्ही. आणि प्रत्येक बंद पेटीला भोकं पाडून आणा. आत हवा-पाणी कोंडलं तर हौदात स्फोट होतो.’

हा निरोप मी मिस्त्रीला सांगितला. त्याने नुकतीच चासीची सगळी भोकं बुजवली होती आणि भोकामागे किती, असं बिलही लिहिलं होतं. तो काही बोलला नाही. फक्त बिलाचा कागद उलटा केला, कोरी बाजू वर घेतली आणि पेन शोधू लागला.

जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात दरवर्षी एक गृहस्थ भेटतात. ते कुठल्याही गाडीपुढे उभे राहतात, वाकून बघतात आणि ‘अरेरे’ म्हणून पुढच्या गाडीकडे जातात. त्यांना विचारलं.

‘कारखान्यातून काय लावून आली होती?’ त्यांनी उलट विचारलं.

‘काळा रंग. पातळ. एका हाताचा.’

‘मग तोच लावायचा.’

‘पण तो गंजला.’

‘ओरिजिनल होता, ओरिजिनल गंजला. इपॉक्सी लावलात तर गाडी टिकेल, पण ती हेरल्ड राहणार नाही.’ एवढं बोलून ते आपल्या गाडीतून निघून गेले. ती एअर कंडिशन्ड होती आणि चालू वर्षाची होती.

ओरिजिनलचा विषय निघाल्यावर आरटीओचे एजंट कसे मागे राहतील? २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिनात फेरबदल नको.

‘रंग म्हणजे फेरबदल का?’ मी घाबरून विचारलं.

‘रंगाचं काय नाही. चासी नंबर वाचता आला पाहिजे. इन्स्पेक्टर कागद ठेवून पेन्सिल घासतात. आकडे उठले तर गाडी तुमची. तुम्ही वर इतका जाड थर चढवाल की आकडे त्याखाली जातील, आणि मग ही गाडी तुमची आहे हे सिद्ध करत बसाल.’

घरात आर्थिक बाजू बायकोकडे असते. तिने इपॉक्सी, पावडर आणि जस्त यांची तीनही अंदाजपत्रकं वाचली, चष्मा काढला आणि म्हणाली, ‘अहो, बाल्कनीच्या ग्रिलला रंग द्यायचं केव्हापासून चाललंय. ती दिसते तरी. याला खालून कोण बघतंय?’ मी ‘गंज बघतो’ असं उत्तर तयार केलं होतं, पण ग्रिलचा विषय लांबण्याची भीती होती. रविवारी मी ग्रिलला रेड ऑक्साइड मारला. मिस्त्रीचा डबा तिथे संपला.

निर्णय मात्र माझ्याऐवजी ब्लास्टिंगवाल्याने घेतला. मी त्याला ‘रंगाचं ठरलं की फोन करतो’ असं बजावून ठेवलं होतं. त्याचं एक काम रद्द झालं, माणसं रिकामी बसली, म्हणून त्याने टेम्पो पाठवून चासी नेली, घासून लख्ख केली आणि दुपारी परत आणून टाकली. ‘थँक्यू म्हणा,’ टेम्पोवाला म्हणाला. लोखंड राखाडी झालं होतं, हात फिरवला तर बारीक पॉलिश पेपरची खरखर लागत होती. बातमी पेठेत पोचायला वेळ लागला नाही. मिस्त्री, इंजिनिअर, आमचे सेक्रेटरी, पुण्यात कामाला आलेला मेहुणा, सगळे जमले. प्रत्येकाने लोखंडाला बोट लावून बघितलं आणि ‘वा!’ म्हटलं.

पावसाळ्यात घासलेलं लोखंड कुणासाठी थांबत नाही. तासाभरात जिथे जिथे बोट लागलं होतं तिथे नारिंगी ठसा उमटला. इंजिनिअरांनी भिंग काढलं. डावीकडे मेहुण्याचा अंगठा होता, मध्ये सेक्रेटरींची तर्जनी, आणि ‘हात लावू नका, घामात मीठ असतं’ असं प्रत्येकाला सांगणाऱ्या खुद्द इंजिनिअरांची पाचही बोटं एका आडव्या पट्टीवर व्यवस्थित उठली होती. कुणाचा सल्ला चासीपर्यंत किती पोचला, याचा लेखी पुरावा झाला.

आता निवड करायला वेळ नव्हता. मी नाना पेठेत धावलो. दुकानदार शटर ओढत होता.

‘चासीला काय आहे?’

‘करड्या इपॉक्सी प्रायमरचे दोन सेट आहेत. आणि काळा. बाकी उद्या.’

‘काळा कुठला?’

‘शेवटचा,’ तो म्हणाला.

इंजिनिअरांनी घरून आणलेला हीटर शेडमध्ये लावला, थर्मामीटर लोखंडाला चिकटवला आणि दवबिंदूचं गणित करून ‘आता!’ असं ओरडले. मिस्त्रीने ठसे पुन्हा घासले, थिनरने पुसले, चासी नंबरावर ग्रीसचा गोळा थापला आणि डब्यात हार्डनर ओतून ढवळला. एवढ्यात मेहुण्याने विचारलं, ‘वरचा काळा चकाकणारा हाय का मॅट?’ यावर चर्चा सुरू झाली. मिस्त्री म्हणाला, चकाकणारा धुवायला सोपा. इंजिनिअर म्हणाले, चकाकीत दोष दिसतात. सेक्रेटरी म्हणाले, कुठलाही लावा, फरशीवर नको. चर्चेत तपशील येत गेले, मिस्त्री मधून मधून आपलं मत मांडण्यासाठी ब्रश डब्यात उभा करून ठेवत होता. शेवटी एकमत झालं. मिस्त्रीने ब्रश उचलला. ब्रशबरोबर डबाही उचलला गेला. दोन डब्यांच्या रंगात हार्डनर पडला की तो ठरावीक वेळात दगड होतो, आणि सभा कशावर चालली आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसतं.

दुसरा सेट कुणालाही बोलू न देता लावला. इंजिनिअरांनी मायक्रॉन मोजायचं यंत्र ठिकठिकाणी टेकवलं आणि आकडे वहीत लिहिले. काळाही चढला. पेट्यांच्या आत ब्रश पोचत नाही, म्हणून तिथे लांब नळीने पातळ मेण फवारलं. चार दिवसांनी ग्रीस पुसलं, नंबराचे आकडे स्वच्छ निघाले. बॉडी परत बसली. वर जे मिकेलॉत्तीने केलं होतं ते लोकांना दिसू लागलं आणि खाली जे आम्ही केलं ते कायमचं झाकलं गेलं.

हे मात्र मला सहन होईना. आता घरी पाहुणे आले की चहा व्हायच्या आत मी त्यांना पार्किंगमध्ये नेतो, सतरंजी अंथरतो, हातात टॉर्च देतो आणि गाडीखाली आडवं व्हायला लावतो. ‘काय दिसलं?’ असं विचारतो. बहुतेक जण ‘काळं आहे’ असं सांगतात. पांढरा झब्बा घालून आलेले एक व्याही तर दोन मिनिटं खालीच होते. मला वाटलं, भारावले. त्यांचा खिसा सायलेन्सरच्या क्लॅम्पमध्ये अडकला होता. हल्ली आमच्याकडे पाहुणे कमी येतात, आणि आले तरी काळे कपडे घालून येतात.

तेव्हा तुमच्याकडेही जुनी गाडी असेल तर ध्यानात ठेवा. रंग कुठलाही लावा, तो घासलेल्या लोखंडावर लावा. आधी रंग आणून ठेवा, मग ब्लास्टिंग करा. पाणी निघून जायची भोकं बुजवू नका. पावसाळा संपला की पाइप लावून खालचा चिखल धुऊन काढा, कारण चासी रंगाने जाते त्यापेक्षा चिखलाने जास्त जाते. आणि सल्ला विचारायचाच असेल तर अशा माणसाला विचारा, ज्याच्याकडे विकायला डबा नाही, सांगायला जुनी नोकरी नाही आणि गावाकडे ट्रॉली नाही. तसा कुणी भेटला, तर त्याचा पत्ता मलाही द्या. बॉडीच्या रंगाचं अजून ठरायचंय.